वाडीवर थ्री फेज आली तर नेमकं काय बदलतं? (राजगड, भोर, मुळशी, जुन्नर आणि भोसरीसुद्धा)

वाडीवस्ती
ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात 'वीज' या रकान्यापुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द असतो: 'आहे'. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्यांतही तसंच. त्या एका शब्दापुढे चर्चा जात नाही आणि पुढच्या वर्षीचा निधी पुन्हा पेव्हर ब्लॉक आणि कमानीवर खर्च होतो.

या 'आहे'चा अर्थ सरकारी कागदावरही बदलत आलाय. १९९७ च्या आधी गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, अगदी एका विहिरीवरच्या पंपाला वीज असली तरी गाव विद्युतीकृत धरलं जायचं. मग वस्तीत वीज हवी असं ठरलं. २००४ पासून शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागा आणि किमान १० टक्के घरं, ही अट आली. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लायसांगला वीज पोचली आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं, ते याच व्याख्येने. घरोघरी जोडणीसाठी सौभाग्य योजना सप्टेंबर २०१७ मध्ये वेगळी काढावी लागली ती त्यामुळेच.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नुसती तार आल्याने लोकांचं उत्पन्न वाढतं का? सिंगल फेज (घरातल्या दिव्या-पंख्याची वीज) आणि थ्री फेज (तीन तारांची, मोठ्या मोटारी चालवणारी वीज) यांत धंद्याच्या दृष्टीने किती अंतर आहे? आणि पंचायतीकडे थोडेच पैसे असतील, तर विजेच्या बाबतीत ते कुठे लावावेत?

कृपया आकडे आणि कारणं द्या. राजकीय पक्षांवरची चर्चा दुसऱ्या धाग्यावर.

आकडेमोड
चांगला विषय. सुरुवातीलाच मोजायचं कसं ते ठरवू. जागतिक बँकेच्या ईस्मॅप गटाने २०१५ मध्ये विजेच्या उपलब्धतेच्या ० ते ५ अशा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर दिवसाला ४ तास आणि जेमतेम ३ वॅट, म्हणजे दिवा आणि मोबाइल. तिसरीवर ८ तास आणि २०० वॅट. चौथीवर १६ तास आणि ८०० वॅट. पाचवीला २३ तास आणि २ किलोवॅट. शिवाय संध्याकाळचे तास वेगळे मोजतात, व्होल्टेज वेगळं बघतात, वीज अचानक किती वेळा जाते तेही धरतात.

आपल्या आराखड्यातला 'आहे' यातल्या कुठल्याही पायरीवर बसू शकतो. माझं मत असं की उत्पन्नात फरक पडायला लागतो तो चौथ्या पायरीपासून. त्याच्या खाली मिळतो तो उजेड. उजेड मोलाचाच आहे, पण तो दुसऱ्या रकान्यात लिहा.

तीनतारा
तारेच्या बाजूने लिहितो.

डीपी म्हणजे वाडीचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि केव्हीए हे ते किती भार पेलतं याचं माप. पंचायतीत सगळे विचारतात, 'डीपी किती केव्हीएची बसवली?' त्याआधी विचारायला हवं की डीपीपासून शेवटची मोटर किती लांब आहे. हिशोब करून दाखवतो, कागद-पेन्सिल घेऊन पडताळून बघा.

५ एचपीची मोटर म्हणजे शाफ्टवर ३.७ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तारेतून सुमारे ४.७ किलोवॅट ओढते. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएपैकी खऱ्या कामाच्या किलोवॅटचा हिस्सा) ०.८ असेल तर ५.८ केव्हीए. अशा ५ मोटारी एका लघुदाब लाइनच्या टोकाला, डीपीपासून १ किलोमीटरवर चालू आहेत. तार वीझल नावाची (खांबांवरची अॅल्युमिनियमची), तिचा रोध किलोमीटरला साधारण ०.९३ ओहम. ५ मोटारींचे २९ केव्हीए, म्हणजे ४०० व्होल्टला प्रत्येक तारेत जवळजवळ ४२ अँपियर. तारेच्या रोधामुळे आणि रिअॅक्टन्समुळे मिळून दर फेजला ३९ व्होल्ट वाटेतच पडतात. डीपीवर २३० असतील तर टोकाला १९१. नियमाने सहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे २१६ च्या खाली जायला नको.

आता नुकसान बघा. मोटारींना मिळाले २३ किलोवॅट आणि ते पोचवताना ५ किलोवॅट तारेत तापून गेले. हेच २९ केव्हीए ११ केव्हीच्या लाइनवरून त्याच वीझल तारेने नेले, तर प्रवाह दीड अँपियर आणि नुकसान ६-७ वॅट. किलोवॅट नाही, वॅट. उच्चदाब लाइन शेतापर्यंत नेऊन एक-दोन शेतकऱ्यांत १० किंवा १६ केव्हीएचं छोटं रोहित्र बसवायची एचव्हीडीएस पद्धत राज्यात त्यासाठीच आणली गेली.

व्होल्टेज पडलं की इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ८० टक्के व्होल्टेजला जोर ६४ टक्के. पंप तेवढंच पाणी उचलायला बघतो, मोटर जास्त अँपियर ओढते, वाइंडिंग तापतं आणि वार्निश जळतं. मग रिवायंडिंग, म्हणजे मोटरची गुंडाळी नव्याने भरणं. घाईत कमी दर्जाच्या तांब्याने भरलेली मोटर पुन्हा आधीइतकी कार्यक्षम राहत नाही, ती आणखी जास्त ओढते. टोकाच्या शेतकऱ्याचा विजेवरचा खरा खर्च बिलात दिसत नाही, तो रिवायंडिंगवाल्याच्या वहीत असतो.

वाडीवस्ती
@तीनतारा, फार उपयोगी. मग मोठी डीपी बसवून काही उपयोग नाही का? आणि डीपी वारंवार जळते ती का?

तीनतारा
डीपीवर खरोखर भार जास्त असेल तर उपयोग आहे. १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भाराचा प्रवाह १३३ अँपियर, ६३ केव्हीएचा ८४. वरच्या हिशोबाने १०० केव्हीएवर ५ एचपीच्या १७ मोटारी बसतात. प्रत्येक मोटरला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर (पॉवर फॅक्टर सुधारणारं उपकरण, केव्हीएआर हे त्याचं माप) लावला तर पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास जातो, प्रवाह १६ टक्क्यांनी उतरतो आणि त्याच डीपीवर २० मोटारी चालतात. तारेतलं नुकसान जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतं. पाचशे-हजार रुपयांच्या वस्तूने डीपीची क्षमता वाढते. कॅपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटरबरोबर चालू-बंद होईल. ३ एचपीला १, ७.५ एचपीला ३ केव्हीएआर पुरतो. याहून मोठा लावू नका, मोटर बंद होताना व्होल्टेज चढतं.

डीपी जळायची कारणं पेटी उघडली की समोर दिसतात. किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खाचेत) वितळतारेऐवजी अॅल्युमिनियमच्या तारेचे तीन-चार पीळ मारलेले असतात. खाली लाइनवर शॉर्ट झाला तरी हा फ्यूज उडत नाही, मार रोहित्राच्या वाइंडिंगला बसतो. तारेच्या टोकाचा लग सैल, त्याच्याभोवती प्लास्टिक वितळून काळं पडलेलं. तेलाची पातळी खाली, सिलिका जेल निळ्याची गुलाबी झालेली, म्हणजे आत ओल शिरतेय. अर्थिंगची पट्टी चोरीला गेलेली किंवा गंजून तुटलेली. डीपीला तीन अर्थिंग लागतात: न्यूट्रलचं, बॉडीचं, लाइटनिंग अरेस्टरचं. न्यूट्रल सुटला की फेजवरचा भार असमान असल्यामुळे कमी भाराच्या फेजवरच्या घरांत ३००-३५० व्होल्ट जातात आणि एका संध्याकाळी निम्म्या वाडीचे टीव्ही, फ्रिज जातात.

दुसरं मोठं कारण ऑटो स्विच, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा. रात्री दोनला थ्री फेज येणार म्हणून शेतकरी ऑटो लावून झोपतो, त्यात त्याचा दोष काय? पण १५ मोटारींचे ऑटो एकाच क्षणी लागतात. एका मोटरचा चालू प्रवाह ८ अँपियर, सुरू होतानाचा त्याच्या सहापट. पंधरांचे मिळून ७०० च्या वर, आणि डीपी १३३ ची. व्होल्टेज इतकं कोसळतं की एकही मोटर नीट वेग घेत नाही आणि हा भार काही सेकंद टिकून राहतो. ऑटो काढायचाच नसेल तर त्याच्याबरोबर टायमर लावा आणि डीपीवरच्या प्रत्येकाने वेगळी वेळ ठेवा, एकाने ३० सेकंद, दुसऱ्याने ६०, तिसऱ्याने ९०. सिंगल फेज प्रिव्हेंटर मात्र हवाच. एक फेज गेली की चालू मोटरच्या उरलेल्या दोन फेजवर पावणेदोनपट प्रवाह जातो आणि काही मिनिटांत मोटर संपते.

आकडेमोड
पहिल्या प्रश्नाकडे येतो. नुसत्या तारेने उत्पन्न वाढतं का? यावर जगभर नीट अभ्यास झालेत आणि उत्तरं वेगवेगळी निघालीत.

टेरिन डिंकलमन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागावर काम केलं, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. वीज आलेल्या वस्त्यांत बायकांच्या रोजगाराचं प्रमाण सुमारे ९ टक्के बिंदूंनी वाढलं. उलट केनियात ली, मिगेल आणि वोल्फ्रम यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांना जोडण्या दिल्या. त्यात उत्पन्नावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. आपल्याकडच्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेवर बर्लिग आणि प्रिओनास यांचा अभ्यास आहे. ३०० लोकसंख्येच्या आसपासच्या गावांत काही वर्षांनंतरही फारसा आर्थिक फरक नाही, मोठ्या गावांत मात्र फायदा दिसतो.

यावरून 'छोट्या वाडीला वीज देऊ नका' असं कोणी म्हणू नये. उजेड, पंखा, मुलांचा अभ्यास हा हक्क आहे, त्याचा परतावा मोजत बसायचं नसतं. अर्थ एवढाच की उत्पन्न वाढवायचं असेल तर तारेच्या पलीकडे गिऱ्हाईक, रस्ता आणि भांडवल लागतं. २००० वस्तीच्या गावात गिरणी, वेल्डिंग, बर्फ, झेरॉक्स यांना गिऱ्हाईक असतं. ६० घरांच्या वाडीत एक गिरणी चालते, दुसरी काढली की दोन्ही बसतात.

धागादोरा
डिंकलमन यांचं उदाहरण इथे जसंच्या तसं लागू करू नका. तिथे बायकांचा वेळ वाचला तो विजेवर स्वयंपाक सुरू झाल्यामुळे, सरपण गोळा करणं सुटलं. आपल्याकडे चुलीचा प्रश्न गॅसशी जोडलेला आहे. वीज आली म्हणून वेल्ह्यातल्या (आताचा राजगड तालुका) बाईचं सरपण सुटत नाही, सिलिंडर भरायला पैसे असले की सुटतं. आपल्या बायकांचा वेळ वाचतो तो दळण आणि पाणी या दोन ठिकाणी. नळपाणी योजनेचा पंप वेळेवर चालला आणि गिरणी वाडीतच असली, तर दिवसाचे तास हातात येतात. म्हणून पाणी योजनेच्या पंपाला मिळणारी वीज हाच माझ्या दृष्टीने बायकांच्या रोजगाराचा पहिला प्रश्न.

दुसरं म्हणजे सगळ्याला थ्री फेज लागते हा समज खोडायला हवा. शिलाई मशीनची घरगुती मोटर १०० वॅटची असते. गारमेंट मशीनला जुनी क्लच मोटर काढून सर्व्हो मोटर लावली तर ती सुई चालतानाच वीज खाते. १ एचपीची घरगुती गिरणी, शेवया-पापडाची यंत्रं, अर्धा एचपीचा पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र), पिशवी सील करायचं मशीन, डीप फ्रीझर, सगळं सिंगल फेजवर चालतं. बचत गटांच्या सुरुवातीच्या धंद्यांना हे पुरतं. फक्त सकाळी ११ ते ५ वीज नक्की हवी, कारण बायका कामाला बसतात ती हीच वेळ. आठ माणसांची शिलाईची ऑर्डर घेतली आणि दुपारी तीन तास वीज नसली तर माल वेळेत जात नाही, आणि पुढची ऑर्डर पुण्यातल्याच कोणाला तरी जाते.

तीनतारा
@धागादोरा, मान्य. त्यात एक तांत्रिक भर घालतो. ३ एचपीपर्यंतची थ्री फेज मोटर सिंगल फेजवर चालवता येते. २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो. या मापाच्या मोटारी बहुधा स्टारमध्ये (आतल्या तीन गुंडाळ्या जोडायची एक पद्धत, दुसरी डेल्टा) जोडलेल्या असतात, टर्मिनल बॉक्स उघडून पट्ट्या डेल्टात बदलाव्या लागतात, मग ती २३० वर पूर्ण जोर देते. मोटरच्या नेमप्लेटवर २३०/४०० किंवा २४०/४१५ असं लिहिलेलं असेल तरच हे करा. व्हीएफडी मोटरच्या एचपीपेक्षा एक पायरी मोठा घ्या, कारण इनपुटला एकाच फेजचा ताण येतो.

कंडेन्सर टाकून सिंगल फेजवर ५ एचपीचा पंप चालवतात ते मात्र बंद व्हायला हवं. सगळा भार एका फेजवर येतो, न्यूट्रल तापतो आणि त्याच फेजवरच्या घरांत दिवे पिवळे होतात. मोटरही लवकर जाते.

शेड_क्र_१४
गावाची चर्चा छान चाललीय, त्यात भोसरी-चाकणची बाजू मांडतो. इथे वीज 'नाही' असं म्हणता येत नाही. नुकसान होतं ते दोन सेकंदांच्या झटक्याने.

असं होतं: २२ केव्हीच्या लाइनला कुठेतरी फांदी टेकली, ब्रेकर उघडून परत बसला. घरातला दिवा एकदा मिचकतो. शेडमध्ये काय होतं? कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) कॉइलचं व्होल्टेज निम्म्याच्या आसपास गेलं की तो सुटतो, मिलिसेकंदांत. स्पिंडल थांबतो, टूल जॉबमध्ये रुतलेलं राहतं, इन्सर्टचं टोक मोडतं, जॉब स्क्रॅप. होम घेणं, ऑफसेट तपासणं, पहिला पीस मोजणं यात अर्धा-पाऊण तास जातो. प्लास्टिक मोल्डिंगमध्ये बॅरलमधलं मटेरियल जास्त वेळ तापत राहिलं तर जळतं, सगळं पर्ज करून फेकायचं. इंडक्शन फर्नेसवाल्यांची तर धातू भट्टीतच गोठण्याची वेळ येते.

उपाय महाग नाहीत. पूर्ण मशीनला यूपीएस लागत नाही. कंट्रोल सर्किट वेगळं काढून त्याला १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस द्या, कॉन्टॅक्टर सुटत नाही आणि छोटा झटका मशीन गिळून टाकतं. ड्राइव्हमध्ये फ्लाइंग स्टार्ट (फिरती मोटर न थांबवता पुन्हा धरणं) आणि डीसी बस टिकवून धरायची सेटिंग असते, ती बहुतेक ठिकाणी बंदच असते, ती चालू करा. सीएनसीला मोठा यूपीएस द्यायचाच असेल तर टूल मागे घेऊन सुरक्षित थांबण्यापुरता द्या. वीज परत आल्यावर सगळी मशीनं एकदम लागू नयेत म्हणून आधी कंप्रेसर, मग हायड्रॉलिक, मग हीटर असा क्रम टायमरने ठरवा.

जनरेटरचं अर्थकारण असं: छोटा डीजी लिटरला ३ ते ३.५ युनिट देतो. डिझेल ९० च्या घरात धरलं तर नुसतं इंधन युनिटला २६ ते ३०. लाइनची वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात पडते. मोठ्या कंपनीला डीजीचा भांडवली खर्च हजारो पीसवर पसरवता येतो, १० माणसांच्या शेडला येत नाही.

आकडेमोड
@शेड_क्र_१४ शेवटचं वाक्य अभ्यासात तसंच्या तसं सापडतं. ऑलकॉट, कोलार्ड-वेक्सलर आणि ओकॉनेल यांनी १९९२ ते २०१० मधल्या भारतीय कारखान्यांवर काम केलं. वीजटंचाईने सरासरी कारखान्याचं उत्पन्न ५ ते १० टक्क्यांनी घटतं असं निघालं. आणि फटका छोट्यांना जास्त, कारण जनरेटर छोटा तितकी त्याची वीज महाग. म्हणजे वीज बेभरवशाची असली की छोटा कारखाना मोठा होत नाही. रोजगार जिथे वाढायला हवा तिथेच तो अडतो.

नाणेमावळ
पुणे जिल्ह्याचा इतिहास या प्रश्नाला सोडून पाहता येत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं आणि वीज करायची, या टाटांच्या योजनेतून खोपोली १९१५ ला, भिवपुरी १९२२ ला आणि भिरा १९२७ ला सुरू झालं. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला. जमिनी गेल्या मावळ-मुळशीच्या. १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झाला तो याच भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणाविरुद्ध. आजही मुळशीचं पाणी पश्चिमेला उतरतं.

यातून आर्थिक धडा स्पष्ट आहे. गिरणी पूर्वी पाण्याच्या किंवा कोळशाच्या शेजारी लागायची. तार आल्यावर वीज एका ठिकाणी आणि कारखाना शंभर किलोमीटरवर, हे शक्य झालं. म्हणून वीज जिथे तयार होते तिथे समृद्धी येईल असं मानायला आधार नाही. ती येते जिथे वीज वापरणारं यंत्र, बाजार आणि कुशल हात असतात तिथे. मुळशीच्या लोकांना जे द्यावं लागलं त्याचा मोबदला विजेच्या रूपाने त्यांच्या गावात आपोआप आला नाही, आणि हे विसरून जिल्ह्याचा आराखडा करू नये.

पिंपरी-चिंचवडला ती साखळी जुळली. १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ ला एमआयडीसी, त्याच दशकात कोयनेची वीज. पूर्वीच्या कारखान्यात एका इंजिनावर लांब शाफ्ट आणि पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरायची. इंजिन परवडणाराच कारखाना काढायचा. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली तेव्हा ५०० चौरस फुटांत दोन लेथ आणि एक ड्रिल टाकून जॉबवर्क घेता येऊ लागलं. भोसरीची सगळी लघुउद्योगांची वीण त्यावर उभी आहे.

२००६ चं पुणे मॉडेलही आठवा. राज्यभर भारनियमन असताना पुण्यातल्या कारखान्यांनी टंचाईच्या वेळेत स्वतःचे जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची, वाढीव खर्च शहराच्या ग्राहकांकडून वेगळ्या आकाराने घ्यायचा. वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने आणि सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्या पुढाकाराने ते झालं. शहर भारनियमनातून सुटलं. पलीकडच्या खेड-शिरूरच्या गावांकडे तसा आकार भरायची ताकद नव्हती.

वाडीवस्ती
नाणेमावळ दादा, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. भारनियमनाचे गटही गळती आणि वसुलीवर ठरायचे ना? म्हणजे जिथे लाइन लांब, तिथे गळती जास्त, म्हणून तिथेच भारनियमन जास्त.

तीनतारा
बरोबर. आणि त्या गळतीतला एक हिस्सा चोरीचा असला तरी दुसरा लांब लघुदाब लाइनचा, वर २९ केव्हीएच्या हिशोबात दाखवला तो. टोकाच्या गावाने तो निर्माण केलेला नसतो. तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांमुळे प्रामाणिक ग्राहकाची वीज कापली जायची हा वेगळा अन्याय.

गोठा_ते_डेअरी
दुधाचा हिशोब कोणी मांडला नाही म्हणून लिहितो.

१००० लिटरचा बल्क कूलर, म्हणजे संकलन केंद्रातली दूध थंड करायची टाकी. दूध ३५ अंशांवरून ४ वर आणायचं. दुधातून काढायची उष्णता सुमारे ३३-३४ युनिट, कूलर एक युनिट विजेत अडीच ते तीन युनिट उष्णता काढतो, म्हणजे एका वेळेला १२-१३ युनिट वीज. आंदोलक आणि धुण्याचं गरम पाणी वेगळं. दूध येतं सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ८. नेमकी संध्याकाळची वेळ लाइनवर सगळ्यात जास्त भाराची, व्होल्टेज सगळ्यात खाली. कमी व्होल्टेजला कंप्रेसर उचलत नाही, ओव्हरलोडवर ट्रिप होतो, दर दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. तोपर्यंत जंतूंची संख्या अर्ध्या-पाऊण तासाला दुप्पट होतेय.

तेच डिझेलवर केलं तर एका वेळेला ४ लिटर, म्हणजे साडेतीनशेच्या वर. लाइनच्या विजेपेक्षा लिटर दुधामागे साधारण पाव रुपया जास्त. पावभर रुपया क्षुल्लक वाटेल, पण संकलन केंद्राला मिळणारं कमिशन बघा, त्यातला मोठा घास जातो. शिवाय डीजी कंप्रेसर उचलण्याएवढा मोठा घ्यावा लागतो, ५ किलोवॅटच्या कंप्रेसरला १५ केव्हीए.

वाडीत कूलर ठेवायचा विचार असेल तर बर्फ साठवणारा, म्हणजे आइस बँकवाला कूलर घ्या. दुपारी वीज चांगली असते तेव्हा बर्फ करून ठेवायचा, संध्याकाळी दूध त्या थंड पाण्यावर गार करायचं. वीज थोडी जास्त लागते, पण दूध वाचतं.

ऊनपाणी
जुन्नर-आंबेगावकडे शेतीची थ्री फेज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला ऊसात बिबट्या, साप, अंधार. माणसाचा जीव पणाला लावून पाणी धरायला लावणं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. दिवसा वीज हा सोयीचा मुद्दा नाहीच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचा फीडर (शेतीला वीज देणारी वाहिनी) जवळच्या सौर प्रकल्पावर चालवतात, म्हणजे वीज दिवसाच मिळते. सरकारी जागा नसेल तर खासगी जमीन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाड्याने घेण्याची तरतूद दुसऱ्या टप्प्यात आहे. पडीक माळरान असलेल्या पंचायतीने हे बघावंच. अट अशी की जागा उपकेंद्राच्या जवळ हवी.

स्वतंत्र सौरपंपाचं गणित वेगळं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, ५ एकरांपर्यंत ५, पुढे ७.५. ५ एचपीला ४.८ किलोवॅटच्या आसपास पॅनल. पण भिजवणी वर्षभर नसते. उरलेल्या दिवसांत पॅनल रिकामे तापत राहतात. युनिव्हर्सल कंट्रोलर घेतला तर त्याच पॅनलवर कडबा कुट्टी, गिरणी, शीतपेटी चालते. साध्या पंप कंट्रोलरवर गिरणी लावू नका. ढग आला की तो वारंवारता उतरवतो, पंप हळू फिरतो आणि निभावतं, गिरणीचा दगड मात्र दाण्यासकट अडकतो.

पाण्याचाही हिशोब धरा. ५ एचपी, ३० मीटर उचल आणि सगळी मिळून ४० टक्के कार्यक्षमता, तर सेकंदाला ५ लिटर. ८ तासांत १४४ घनमीटर. एक एकर ५ सेंटिमीटर भिजवायला २०० घनमीटर लागतं. म्हणजे मोकळ्या पाटाने दिवसाला पाऊण एकरही नाही. ठिबक लावलं तर त्याच आठ तासांत कितीतरी जास्त क्षेत्र. विजेचे तास वाढवण्याआधी ठिबक.

वाडीवस्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठोस उदाहरण घेऊ. ४० घरांची वाडी, डीपी १.२ किलोमीटरवर, वीझल तार. थ्री फेज लाइन आहे पण शेवटचे तीन खांब सिंगल फेज. गटाला ७.५ एचपीची गिरणी आणि चार शिलाई मशीनं टाकायचीत. आराखड्यात काय लिहावं?

तीनतारा
आधी मोजा, मग लिहा. क्लॅम्प मीटर आणि मल्टिमीटर लागतो, तालुक्याच्या कुठल्याही वायरमनकडे असतो. शेवटच्या घरात सकाळी ७, दुपारी २, रात्री ८ अशा तीन वेळेला सात दिवस व्होल्टेज लिहा. पुण्याच्याच प्रयास ऊर्जा गटाने प्लगमध्ये बसणारं, मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवणारं यंत्र घेऊन देशभर अशी मोजणी केली होती. वहीवरची नोंदही चालेल, फक्त तारीख-वेळ हवी. डीपीवर तिन्ही फेजचे अँपियर वेगळे घ्या. एका फेजवर ७० आणि दुसऱ्यावर २० असे आले, तर घरं फेजवर वाटून घेण्याचा अर्ज द्या. त्याला खर्च जवळजवळ नाही आणि व्होल्टेज लगेच सुधारतं.

गिरणीचं: ७.५ एचपी सरळ डीओएलवर (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या स्टार्टरवर) सुरू केली तर १.२ किलोमीटर वीझलवर दर फेजला ४५-५० व्होल्टचा खड्डा पडेल, सगळी वाडी मिचकेल, शिलाईची सर्व्हो मोटर एरर दाखवेल. स्टार-डेल्टाने (आधी स्टारमध्ये कमी प्रवाहावर सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार्टरने) तोच १५-१६ वर येतो. गिरणी रिकामी सुरू करायची, वेग घेतल्यावर दाणे सोडायचे, मग स्टार-डेल्टा पुरतो. चालू असतानाची घट १२ व्होल्ट, ती आधीच्या भारावर चढेल, म्हणून रात्री ८ चं माप २२८ च्या खाली असेल तर संध्याकाळी दळण ठेवू नका. किंवा ५ एचपी घ्या.

आराखड्यात मागणी तीन ओळींत लिहा: शेवटचे तीन खांब थ्री फेज करणं, ११ केव्ही लाइन वाडीपर्यंत आणून २५ केव्हीएचं रोहित्र, आणि डीपीची तिन्ही अर्थिंग नव्याने. सोबत सात दिवसांची नोंदवही, गटाचा ठराव आणि गिरणी-शिलाईचा भार किलोवॅटमध्ये जोडा. जोडणी गटाच्या नावाने, उद्यम नोंदणी करून औद्योगिक दरात मागा. व्यापारी दर लागला तर युनिटमागे फरक मोठा पडतो, नंतर बदलून घ्यायला महिने जातात.

धागादोरा
त्यात एक जोडा. शिलाई मशीनं गिरणीच्या फेजवर ठेवू नका, वेगळ्या फेजवर घ्या. आणि चार मशीनं, दोन दिवे, एक पंखा यांना १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर दोन-तीन तास पुरतो, सर्व्हो मोटारी असतील तर. दुपारचं काम अडणार नाही.

वाडीवस्ती
नोंदवहीचा तक्ता करून उद्या इथेच टाकते. वेळ, तीन फेजचं व्होल्टेज, अँपियर आणि त्या वेळी चालू असलेल्या मोटारी, एवढे रकाने ठेवतेय. अजून काही हवं असेल तर सांगा.

तीनतारा
वीज गेली तर जाण्याची आणि परत येण्याची वेळ. आणि परत आल्यावर पहिल्या मिनिटाचं व्होल्टेज, ऑटो स्विचचा मार तिथेच दिसतो.